सान अल-हगरची चांदी

कैरोहून ईशान्येकडे जाणारा रस्ता झगाझिग शहर मागे टाकून नाईलच्या त्रिभुज प्रदेशात आत शिरतो, तेव्हा दोन्ही बाजूंना कालव्यांच्या पाण्यावर पोसलेली सपाट शेते लागतात, आणि इजिप्त म्हटले की डोळ्यांपुढे येणारे उजाड डोंगर कुठेही दिसत नाहीत. सान अल-हगर या गावालगत मातीचे पसरट टेकाड आहे, इ. स. पू. अकराव्या शतकात एकविसाव्या राजवंशाची राजधानी असलेले तानिस ते हेच.

टेकाडावर जागोजागी दुसऱ्या रामसेसच्या नावाचे भग्न ओबेलिस्क, म्हणजे एकाच शिळेतून घडवलेले निमुळते चौकोनी स्तंभ, पडलेले आहेत. १९२९ पासून येथे उत्खनन करणारे फ्रेंच संशोधक पिएर माँते यांनी त्यांवरून हीच रामसेसची राजधानी असल्याचा निष्कर्ष काढला. पण ती राजधानी दक्षिणेला कांतीर येथे होती, आणि तिच्याजवळची नदीची शाखा गाळाने भरल्यावर नंतरच्या राजांनी तिथले दगड वाहून आणून तानिस उभारले, हे पुढे सिद्ध झाले.

अमून देवाच्या मंदिराच्या तटबंदीत, नैर्ऋत्य कोपऱ्यात, ज्या ठेंगण्या तळघरांसमोर प्रवासी आज उभा राहतो, ती या राजांची थडगी होत. दक्षिणेतील राजांच्या दरीतली थडगी तोवर लुटली गेली होती, तेव्हा देवळाच्या आवारातील दफन अधिक सुरक्षित वाटले असावे. फेब्रुवारी १९३९ मध्ये माँते यांना पहिले थडगे सापडले, तेही लुटलेलेच. पण लगेच मार्चमध्ये पहिल्या प्सुसेन्नेसचे थडगे लागले, आणि त्याच्या पुढच्या दालनात, तोवर अज्ञात असलेल्या एका शेशोंक राजाची ससाण्याच्या मुखाची चांदीची शवपेटी निघाली.

खुद्द प्सुसेन्नेस १९४० च्या फेब्रुवारीत समोर आला. त्याची बाहेरची गुलाबी ग्रॅनाइटची पेटी मुळात रामसेसपुत्र मेर्नेप्ताहची होती. तिच्यावरील जुने नाव खोडून नवे कोरले होते, तरी एका ठिकाणी ते राहून गेले आहे. तिच्या आत काळ्या ग्रॅनाइटची पेटी, तीही दुसऱ्याचीच, तिच्यात चांदीची शवपेटी आणि तिच्यात सोन्याचा मुखवटा ल्यालेला राजा. इजिप्तमध्ये सोन्याच्या खाणी होत्या, चांदी मात्र परदेशांतून आणावी लागे. त्यामुळे या वैभवाचे खरे माप सोन्यापेक्षा चांदीतच शोधायला हवे. त्याच्या हारातील लाजवर्दाच्या, म्हणजे पश्चिम आशियामार्गे येणाऱ्या निळ्या दगडाच्या, एका मण्यावर मेसोपोटेमियातील कीलाकार लिपीतला मजकूर आहे. दक्षिणेतील थीब्ज नगरीच्या पुरोहितांशी सत्ता वाटून घेणाऱ्या या राजांना दुर्बळ म्हणण्याची प्रथा आहे, पण दगड उसने आणि व्यापार दूरवरचा, हे चित्र त्याहून गुंतागुंतीचे आहे. त्रिभुज प्रदेशातील ओलीने लाकूड व ममी खाऊन टाकली होती; उरलेल्या हाडांवरून प्सुसेन्नेस वृद्ध असल्याचे कळले.

एप्रिलमध्ये शेजारच्या दालनातून अमेनेमोपे राजाचे अवशेष निघाले आणि मेमध्ये जर्मन सैन्य फ्रान्समध्ये घुसले. तुतनखामुनच्या शोधाला जगभर लाभलेली प्रसिद्धी तानिसला लाभली नाही ती या युद्धामुळे, आणि हा अन्याय अजून पुरता दूर झालेला नाही. कैरोच्या तहरीर चौकातील संग्रहालयात प्सुसेन्नेसचा मुखवटा पाहता येतो. अमेनेमोपेच्या काळातील, लाजवर्दाचा मणी जडवलेले सोन्याचे एक कडे मात्र २०२५ मध्ये त्याच संग्रहालयाच्या जतन-प्रयोगशाळेतून चोरीला गेले आणि निव्वळ सोन्याच्या भावाने विकून वितळवले गेले.