फॅमिली रूमची सोय आहे

नांदेडच्या वजिराबादेत एका हॉटेलच्या पाटीवर भजी, मिसळ, चहा यांच्या खाली लाल अक्षरांत लिहिलेलं असे : 'फॅमिली रूमची सोय आहे'. रूम कसली, प्लायवुडची आडभिंत आणि तारेवर ओवलेला मळका पडदा. बाजाराला आलो की अण्णा आईला आणि आम्हा बहिणींना त्या पडद्याआड बसवत आणि स्वतः गल्ल्याजवळ उभ्यानं बशीत चहा ओतत. पुरुषांना हॉटेलात बसायला कारण लागत नसे. आम्हाला पडदा लागे.

परवा लातूरला भाचीला भेटायला गेले. उद्योग भवनाकडच्या क्लासवाल्या भागात ती राहते. लातूर पॅटर्नची पोरगी, 'नीट' परीक्षेच्या तयारीतली. एका खोलीत तिघी, बसायचं तर पलंगावर. म्हटलं, चल, कॅफेत जाऊन कॉफी घेऊ. तिनं डोळे मोठे केले. ''मावशी, कॅफेत?''

पुढं तिला बोलावं लागलं नाही. आमच्याकडच्या पेपरांत बातमी अधूनमधून असतेच : कॅफेवर छापा, आत कप्पे, कप्प्यांना पडदे. म्हणजे पडदा गेलाच नाही. तेव्हा ती सोय होती, आता तो पुरावा झाला. त्या कप्प्यांत कोवळ्या पोरींची फसवणूक झाल्याच्या तक्रारी असतात, त्या हसण्यावारी नेण्यासारख्या नाहीत. पण दोघांनी बोलत बसावं अशी दुसरी जागा गावात कुठं आहे, हे त्या बातमीत कधी नसतं.

कॅफेंच्या मोठ्या साखळ्यांनी बसायच्या जागेची नेमकी हीच गरज हेरली. कॅफे कॉफी डेचं पहिलं दुकान 1996 मध्ये बेंगळुरूच्या ब्रिगेड रोडवर उघडलं, ते कॉफीसोबत इंटरनेट देणारं. म्हणजे मुळातच वेळ विकणारं. 2012 मध्ये स्टारबक्स मुंबईत हॉर्निमन सर्कलला आलं. त्यांची कॉफी मला कडू लागते. आमच्या घरी कॉफी म्हणजे जायफळ घातलेलं गोड दूधच. पण त्यांची एक गोष्ट मी मानते. दर्शनी बाजूला सगळी काच. आत एकटी बाई लॅपटॉप उघडून दोन तास बसली, तरी कुणी उगाच येऊन टेबलावर फडकं मारत नाही.

साखळी चहालाही लागली म्हणा. अमृततुल्याच्या, गुळाच्या चहाच्या एकसारख्या पाट्या मराठवाड्यात तालुक्यापर्यंत पोचल्या. पोरीही तिथं बिनदिक्कत चहा पितात, हे बघून बरं वाटतं. पण उभ्यानं. कागदी कप टाकला की निघायचं. लातूरच्या गंजगोलाईला 16 रस्ते येऊन मिळतात, टेकायला मात्र एखाद्या ओळखीच्या दुकानाची पायरी शोधावी लागते. अभ्यासिकेत महिन्याच्या भाड्यानं खुर्ची मिळते. तिथं बोलायचं नाही.

नांदेडकर त्या मानानं नशीबवान. सचखंड गुरुद्वाऱ्याच्या आवारात कितीही वेळ बसा, लंगरात चहा घ्या, कोण कुणासोबत आलंय हे कुणी विचारत नाही. आई तिच्या शाळेतल्या मैत्रिणीला शेवटपर्यंत तिथंच भेटायची. घरी सांगायची, दर्शनाला चालले. ते खोटंही नव्हतं.

शेवटी भाची आणि मी लातूरच्या मेन रोडवरच्या एका काचेच्या कॅफेत शिरलो. दोन कॉफ्यांचे पैसे ऐकून मी गप्प. सवयीनं आतल्या कोपऱ्यातलं टेबल धरलं. भाची काचेपाशीच उभी.

''मावशी, इकडं ये. रस्त्याकडं तोंड करून बस.''

''कामून गं?''

''घरमालकीण याच रस्त्यानं भाजीला जाते. मी कुणासोबत बसलेय ते दिसू दे तिला.''