मातीबिगर झाड

आमच्या हॉस्टेलला बाग नाही. खिडकीचा कठडा आहे, टळटळीत ऊन आहे आणि उन्हाळ्यात बादलीच्या हिशेबानं मिळणारं पाणी आहे. तरीही आमच्या मजल्यावर आज 19 झाडं आहेत आणि त्यांतल्या एकालाही माती नाही!

आजोबांना हे सांगितलं तर म्हणाले, "पोरी, मातीबिगर झाड जगतंय व्हय?" त्यांचं तरी काय चुकलं? गोदाकाठच्या काळ्या रानात त्यांचा जन्म गेला. पण परभणीची ही माती म्हणजे बारीक चिकण. ओली झाली की फुगते आणि पाणी धरून बसते. म्हणून तर रब्बीची ज्वारी नुसत्या ओलीवर येते. पानफुटीचं मात्र उलटं. तिनं पाणी आधीच अंगात साठवलेलं असतं. ताज्या तुटलेल्या पानाला अशी ओल लागली की ते कुजलंच म्हणून समजा.

तर मैत्रिणींनो आणि मित्रांनो, कृती लिहून घ्या. पानफुटीचं जून, जाड पान देठासकट तोडा. चार-पाच दिवस सावलीत कोरडं ठेवा, म्हणजे जखम सुकते. विटेचे हरभऱ्याएवढे तुकडे धुऊन, बुडाला भोकं पाडलेल्या डब्यात भरा आणि पान वर नुसतं टेकवा. उजेड भरपूर हवा, दुपारचं ऊन नको. साधारण दोन-तीन आठवड्यांत पानाच्या कडेच्या खाचांतून पांढऱ्या मुळ्या आणि इवलीशी रोपं डोकावतात. मग आठवड्यातून एकदा चमचाभर पाणी. चमचाभर म्हणजे चमचाभरच! ही झाडं तहानेनं क्वचित मरतात, लाडानं हमखास मरतात. कोरफडीचं पान मात्र असं रुजत नाही, तिचं पिल्लूच काढून लावावं लागतं.

एवढ्याशा पाण्यावर भागतं कसं? तर ही झाडं आपल्यासारखीच नाइट मारतात! दिवसा उन्हात पानांची छिद्रं बंद, म्हणजे पाणी उडून जात नाही. रात्री छिद्रं उघडून कार्बन डायऑक्साइड आत घेतात, आम्लाच्या रूपात साठवतात आणि दिवसा त्याचं अन्न करतात. याचा सुगावा आपल्या देशातच लागला. दक्षिण भारतात काम करणाऱ्या बेंजामिन हाइन यांनी पानफुटीची पानं चाखली. सकाळी ती आंबट लागली, दुपारपर्यंत आंबटपणा गेलेला. त्यांचं हे निरीक्षण 1815 साली लंडनमध्ये छापून आलं.

मुळात ही पानफुटी मादागास्करची. महाकवी गटे तिच्या प्रेमात होते. वायमारला त्यांनी ती वाढवली आणि मित्रमंडळींना भेट म्हणून पाठवली. आता कळलं, जगात जर्मनी, भारतात परभणी असं का म्हणतात ते!

विनोद सोडा. मला या सगळ्यात आवडतं ते जुनं पान. रोप वाढत जातं तसं ते सुरकुततं, पातळ होतं, शेवटी कागदासारखं वाळतं. त्याच्याच पाण्यावर आणि साखरेवर रोप उभं राहिलेलं असतं. घाई करून ते पान ओढून काढू नका, आपोआप गळू द्या. माझ्या पहिल्या वर्षाच्या फीसाठी आजोबांनी बैलजोडी विकली. तेव्हापासून ते दुसऱ्याच्या बैलांनी पेरणी करतात आणि मला फोनवर फक्त जेवलीस का म्हणून विचारतात.

जुनं पान संपलं की रोपाला वीट काही खायला देत नाही. तेव्हा शेतकरी ठिबकमधून सोडतात ते 19:19:19 खत, लिटरभर पाण्यात चिमूटभर, महिन्यातून एकदा पुरतं. ती पुडी आजोबांनीच पाठवलीय. सोबत निरोप होता, "मातीबिगर ठिवलंस, उपाशी ठिवू नगंस."

ज्यांना पान हवं असेल त्यांनी आमच्या मजल्यावरून घेऊन जावं. फुकट आहे. फक्त गावी लावलंत तर गोठ्यापासून लांब लावा, गुरांना ते बाधतं.