नातीचा पिझ्झा आणि माझं ताट



मागच्या मे महिन्यात मुलगा-सून पुण्याहून जवळा बाजारला आले, तेव्हा नातीच्या हट्टापायी परभणीहून पिझ्झा घेऊन आले. मी तो स्वयंपाकघरात येऊ दिला नाही. पोर पडवीत कागदाच्या ताटलीत एकटीच खात बसली. मध्येच म्हणाली, "आजी, मी काही वाईट करते का?" मला उत्तर सुचलं नाही. नियम पाळला, पण पोरीच्या मनात काय जमा झालं? बी.कॉम. झालेल्या बाईला हा हिशेब वर्षभर जुळत नव्हता.

चीजबद्दल आपल्याकडे नेहमी विचारतात, म्हणून सांगते. दूध घट्ट करायला रेनेट लागतं. मूळ पद्धतीत ते दूधपित्या वासराच्या जठरातून काढतात. आता सूक्ष्मजीवांपासून केलेलं रेनेटही वापरतात, आणि हिरवा ठिपका असलेल्या पाकिटात वासराचं रेनेट नसतं. पण दुकानात पिझ्झ्यावर किसून घातलेल्या चीजचं पाकीट आपल्याला कुठे दिसतं? शिवाय चीज दिवसेंदिवस मुरवलेलं असतं, आणि आपण तर दह्याचीही मर्यादा पाळतो. पावात यीस्ट, सॉसमध्ये कांदा-लसूण.

"मग घरचं पनीर घाल," असं जाऊबाई म्हणाल्या. पण गेल्या दशलक्षणानंतर शिरड शहापूरला मल्लिनाथ भगवंतांसमोर मी दूध, दही आणि तूप हे तीन रस वर्षभरासाठी सोडले आहेत. पनीर घातलं असतं तर पोरीचं भागलं असतं, माझं ताट मात्र वेगळंच राहिलं असतं. मला तर तिच्या पंगतीला बसायचं होतं.

यंदा ती आली तेव्हा दुपारी चारलाच लागले, म्हणजे सूर्यास्ताआधी निवांत जेवण होतं. एक वाटी कणीक, पाव वाटी बारीक रवा, पाव चमचा खाण्याचा सोडा, मीठ, दोन चमचे तेल आणि चमचाभर लिंबाचा रस घालून कोमट पाण्यात मऊ भिजवलं आणि वीस मिनिटं झाकून ठेवलं. चार टोमॅटो उकडून, सोलून वाटले. तेलात हिंग आणि ओवा, मग टोमॅटो, तिखट, मीठ, गुळाचा खडा घालून चटणीइतकं घट्ट आटवलं. ओवा हातावर चुरडून घाला, बाहेरच्या पिझ्झ्यासारखाच वास येतो.

चीजच्या जागी एक वाटी उकडलेले मक्याचे दाणे आणि दोन चमचे भाजलेले तीळ थोडं पाणी घालून वाटले. त्यात चमचाभर तांदळाचं पीठ, मीठ, लिंबू आणि चिमूटभर हळद घालून मंद आचेवर ढवळलं. ओली हळद आपण खात नाही, वाळलेली चालते. रंग छान पिवळा आला.

नातीला ढोबळी मिरची कापायला दिली. आधी उघडून आत अळी आहे का बघायचं, हे तिला फार आवडलं. प्रत्येक मिरची भिंग लावल्यासारखी तपासत होती.

भाकरीपेक्षा थोडी जाड पोळी लाटून काट्याने टोचा, जाड तव्यावर एक बाजू भाजा आणि उलटा. भाजलेल्या बाजूवर टोमॅटो, मग मका, मिरची. झाकण ठेवून मंद आचेवर सात-आठ मिनिटं. एवढ्यात तीन लहान पिझ्झे होतात. अष्टमी-चतुर्दशीला हिरवी भाजी वर्ज्य असेल तर दुसरा दिवस निवडा.

साडेपाचला पडवीत नाही, स्वयंपाकघरातच पाट मांडले. पहिला घास घेऊन नात म्हणाली, "आजी, तार नाही सुटत." मी म्हटलं, "नाहीच सुटणार. हे चीज नाही, मका आहे." चीजच म्हणून खपवावं असा मोह झाला होता, पण ताटात खोटं नको. ती थोडा वेळ गप्प बसली. मग तिने आपल्या ताटलीतला एक तुकडा उचलून माझ्या ताटात ठेवला आणि विचारलं, "हा तुला चालतो ना?"

चालतो, बाळा.

पुण्याला गेल्यावर ती बाहेरचा पिझ्झा खाणार नाही, असं मी म्हणत नाही. पण आजीच्या घरात आपल्याला वेगळं बसवतात, ही नोंद मात्र खोडली गेली.