दुर्बीण आणि तिची बैठक

जुन्या रायफलीला तिच्या काळाची दुर्बीण बसवायची म्हटली की बहुतेकांचं लक्ष आधी काचेकडे जातं. माझ्या मते काच नंतर. दुर्बीण त्या रायफलीची शोभते की नाही, हे दोघींच्या सांध्यावर ठरतं. दुसऱ्या महायुद्धातली ब्रिटिश ‘नंबर ४ टी’ घ्या. आपण जिला थ्री-नॉट-थ्री म्हणतो त्या ली-एनफील्ड घराण्यातलीच ही रायफल. चाचणीत अचूक ठरलेल्या रायफली निवडून १९४२ पासून लंडनच्या हॉलंड अँड हॉलंडकडे जात. तिथे रिसिव्हरच्या डाव्या अंगाला दोन पोलादी टेकू स्क्रू आणि डाग देऊन पक्के करत आणि त्यांवर ब्रॅकेट हाताने फिरवायच्या दोन मोठ्या स्क्रूंनी आवळत. त्यात तिप्पट मोठं दाखवणारी नंबर ३२ दुर्बीण बसे, मुळात ब्रेन मशीनगनसाठी आखलेली. ब्रॅकेटवर रायफलीचा क्रमांक आणि कुंद्याच्या मानेवर दुर्बिणीचा क्रमांक ठोकलेला असे. सुटे भाग अदलाबदलीचे ठेवण्याचा आग्रह धरणाऱ्या लष्कराने इथे मात्र तिन्ही वस्तूंची मोट बांधून दिली, कारण दुर्बीण उतरवून पुन्हा चढवली तरी नेम तोच राहायला हवा होता.

म्हणून आज ब्रॅकेट हरवलेली रायफल समोर आली की खरं काम टेकूंपाशी असतं. पुढचा टेकू सैल होणं हा या रायफलीचा जुना आजार. तो आधी तपासायचा. मग टेकूंवर निळ्या शाईचा पातळ हात फिरवून ब्रॅकेट बसवायचा, आवळायचा आणि उतरवायचा. शाई जिथे उमटली तिथेच धातू टेकतोय. तो उंचवटा कानशीने हलकेच उतरवायचा, पण नव्या ब्रॅकेटचा. जुन्या टेकूला कानस लावायची नाही. दोन्ही टोकं नीट टेकली नाहीत, तर स्क्रू आवळताना ब्रॅकेटला पीळ बसतो आणि तोच ताण दुर्बिणीच्या नळीत उतरतो. नेम सरकला की मग दोष बिचाऱ्या काचेला!

तिप्पट काच आज कोण वापरणार, आधुनिक दुर्बीण लावा, असं म्हणणारे भेटतात. अंधुक उजेडात नवी काच सरस आहे, यात वाद नाही. पण कुंद्यावरचा लाकडी गालठोकळा त्या जुन्या दुर्बिणीच्या उंचीला जुळवलेला आहे, आणि अंतराच्या चकतीवरच्या १,००० यार्डांपर्यंतच्या खुणा त्या काळच्या लष्करी काडतुसाच्या मार्गानुसार कोरलेल्या आहेत. मोठ्या भिंगाची दुर्बीण वर चढली की गाल अधांतरी राहतो. दुसरा आक्षेप अधिक वजनाचा आहे: नवा ब्रॅकेट लावणं ही नक्कलच नव्हे का? आहे, आणि म्हणून त्यावर आजच्या कारागिराची खूण हवी, जुना क्रमांक ठोकायचा नाही. त्या खुणेमुळे पुढच्या मालकाची फसवणूक टळते.

साध्या नंबर ४ ला भोकं पाडून तिची ‘टी’ करण्याला मात्र माझा ठाम विरोध आहे. ती रायफल त्या निवडीतून गेलेलीच नाही, आणि रिसिव्हरला पाडलेलं भोक परत बुजवता येत नाही. तिच्या पहिल्या नमुन्याच्या मागच्या साइटवर २०० ते १,३०० यार्डांच्या खुणा आहेत. तिच्या काळाला शोभणारं नेमाचं साधन तेच आहे.