तीन वर्षं

अमरावतीहून अकोल्याला रेल्वेनं जायचं तर बहुतेक गाड्यांसाठी आधी बडनेरा गाठावं लागतं. तिथून पुढे टाकळी, कुरुम, माना, मूर्तिजापूर, काटेपूर्णा, बोरगाव. अंतर ऐंशी किलोमीटरच्या आतबाहेर. शिकायला बाहेरगावी राहणाऱ्या पोरांच्या घरातलं मरण बहुधा असं दोन गावांच्या मध्ये घडतं. आपण मेसच्या रांगेत उभे असतो, प्रॅक्टिकलच्या वहीवर सही घेत असतो, आणि तिकडे घरी सगळं होऊन गेलेलं असतं. फोनवर खरं कोणी सांगत नाही. ‘बाबांची तब्येत जराशी बिघडली, निघून ये,’ एवढंच. आमच्याकडे या वाक्याचा अर्थ लहान पोरालाही कळतो. तरी ज्याच्यावर वेळ येते तो गाडीत बसून ‘जराशी’ हा शब्द घट्ट धरून ठेवतो.

मी २००८च्या फेब्रुवारीत तशीच बसले होते, बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला असताना. बाहेर पऱ्हाट्या उपटून झालेली शेतं उघडी पडली होती, बांधाबांधावर तुराट्यांच्या पेंढ्या उभ्या होत्या. मूर्तिजापूरपर्यंत मी दवाखान्यात काय काय लागेल त्याची मनातल्या मनात यादी करत होते. थर्मास, जुना टॉवेल, चादर, बाबांचा जाड काचेचा चष्मा. काटेपूर्णा गेलं आणि यादी पुढे सरकेना. अकोल्याच्या प्लॅटफॉर्मवर मोठे काका डोक्याला पांढरा रुमाल बांधून उभे होते. मग विचारायचं काही राहिलंच नाही.

बाबा धान्यबाजारात मापारी होते. तुरीचा हंगाम म्हणजे त्यांच्या घामाचे दिवस. पहाटे जायचे, दिवसभर काट्यापाशी उभे, संध्याकाळी भुवयांवर तुरीची पिवळट धूळ घेऊन परत यायचे. गेले तेही काट्यापाशीच. छातीत कळ आली, कट्ट्यावर टेकले, आणि दवाखाना गाठेपर्यंत संपलं होतं. त्यांची एक लाल पुठ्ठ्याची वही होती. तोलाईचा हिशेब त्यात रोज लिहायचे. एका ओळीत कोणाचे किती कट्टे, पुढच्या ओळीत वजन, आणि मध्येच, त्याच शाईत, त्याच अक्षरात ‘पोरीची मेस’, ‘पोरीचं पुस्तक’, ‘पोरीले स्वेटर’. माझं नाव कुठेच नव्हतं. तूर, सोयाबीन, हरभरा यांच्या ओळींमध्ये मी अशी रुपयांच्या आकड्यांतून दर महिन्याला उगवत होते. माझ्या शिक्षणाबद्दल बाबा कधी चार वाक्यं बोलल्याचं मला आठवत नाही. त्यांना जे बोलायचं होतं ते त्यांनी तिथे लिहून ठेवलं होतं.

तेरवी किती मोठी करायची यावर घरात वाद झाला. गावाकडचे नातेवाईक म्हणत होते, सगळ्यांना सांगा, दोन भाज्या, बुंदी, पंगती झाल्या पाहिजेत, नाही तर माणसाचं नाव राहत नाही. पैसे कमी पडले तर उसने आणू. आई भिंतीला टेकून बसली होती. ती म्हणाली, ‘उसन्याची बुंदी नोको.’ एवढंच, आणि पुन्हा गप्प. सोप्यातल्या भिंतीवर गाडगेबाबांचा फोटो होता. वऱ्हाडातल्या पुष्कळ घरांत असतो, तसाच. दारूनं बाप अकाली गेलेला, मामाच्या गावी, मूर्तिजापूरजवळच्या दापुऱ्यात, गुरांमागे फिरत वाढलेला हा मुलगा. पुढे आयुष्यभर हातात खराटा घेऊन तो सांगत राहिला की देवासाठी नि मेलेल्यासाठी कर्ज काढू नका, घरातली भांडी विकायची पाळी आली तरी चालेल पण पोरं शिकवा. शाळेचं तोंड न पाहिलेल्या त्या माणसानं १९५६च्या डिसेंबरात वलगावजवळ पेढी नदीच्या पुलावर देह ठेवला. अमरावतीत १९८३ साली झालेल्या विद्यापीठाला आज त्याचं नाव आहे आणि माझ्या गुणपत्रिकेच्या माथ्यावरही तेच आहे. माझी आई चौथीपर्यंत शिकलेली. ती कीर्तनं ऐकून वाढली होती. त्या दिवशी तिला कोणाची साक्ष काढायची गरज पडली नाही. घरच्यांपुरता स्वयंपाक झाला.

पण खरी गोष्ट जेवणानंतर निघाली. बायका आत आवरत होत्या, पुरुष मांडवात पान लावत बसले होते. नुकतीच दिल्लीच्या बजेटमध्ये साठ हजार कोटींची कर्जमाफी जाहीर झाली होती, तिच्या गप्पा सुरू होत्या. तेवढ्यात एक आत्या माझ्या शेजारी येऊन बसली, माझ्या पाठीवरून हात फिरवला आणि आईकडे बघून म्हणाली, ‘पोरीचं वर्षाच्या आत करून टाका. नाही तं मंग तीन वर्सं थांबा लागते.’

ही रीत मराठी मुलखात सगळीकडे आहे. घरात आई किंवा बाप गेला की लग्नाजोगत्या पोरीचं लग्न वर्षाच्या आत उरकायचं, नाही तर तीन वर्षं करायचं नाही. सांगणारे वाईट नसतात. त्यांच्या डोळ्यांत पाणी असतं. पोरीला आधार मिळेल, विधवा बाईच्या डोक्यावरचा भार उतरेल, खर्चही कमी होईल, असा त्यांचा हिशेब असतो. त्यांना न दिसणारी गोष्ट एकच असते. ज्या वर्षात पोरीनं बापासाठी रडायचं त्याच वर्षात तिला बघायला लोक येतात, आणि ती पोह्यांचा ट्रे घेऊन बाहेर येते. किती मुलींचं शिक्षण असं एखाद्या फेब्रुवारीत थांबलं असेल याची नोंद कुठल्याच विद्यापीठाच्या दप्तरात सापडायची नाही. हजेरीपटावर त्या फक्त गैरहजर असतात. मी ही रीत क्रूर मानते. आपल्या माणसांनी मायेपोटी चालवलेली असल्यामुळे तिच्याशी भांडणंही अवघड जातं.

मोठ्या काकांकडे स्थळ तयारच होतं. मुलगा चांगला, शेती चांगली. सगळे आईच्या तोंडाकडे बघत होते. आईनं पदर सारखा केला आणि अगदी सरळ आवाजात म्हणाली, ‘तुमीच सांगता न, वर्साच्या आत नाई तं तीन वर्सांनं. मंग तीन वर्सांनं करू.’

कोणाला काही बोलताच येईना. रीत मोडली असती तर तिच्यावर तुटून पडता आलं असतं. तिनं रीत पाळली होती, फक्त दुसऱ्या टोकानं धरली होती.

होस्टेलवर परत गेले तेव्हा मुली व्हरांड्यात भोवती जमल्या, गळ्यात पडून रडल्या. माझी रूम पार्टनर मात्र दाराशी उभी राहिली. ती दर्यापूरकडची, खारपाणपट्ट्यातली. तिकडे विहिरीचं पाणी खारं, पिकाला देता येत नाही, सगळी भिस्त पावसावर. तिचे वडील आदल्या वर्षी गेले होते. आम्हा सगळ्यांना तिनं हार्ट अटॅक म्हणूनच सांगितलेलं होतं. त्या रात्री दिवा घालवल्यावर ती म्हणाली, ‘माह्या बाबानं फवारनीचं औषध घेतलं होतं वं.’ मग हळूहळू सगळं सांगितलं. अशा मरणावर सरकार एक लाख देतं, तीस हजार हातात आणि सत्तर हजार खात्यात ठेव म्हणून. पण त्याआधी समिती बसते. कर्ज बँकेचं, सोसायटीचं किंवा परवानाधारक सावकाराचं असावं लागतं, वसुलीचा तगादा दिसावा लागतो. तिच्या वडिलांचं मोठं कर्ज परवाना नसलेल्या माणसाकडचं होतं. कागदावर शेरा आला, अपात्र. मांडवात ज्या कर्जमाफीच्या गप्पा चालल्या होत्या तीही पूर्ण मिळणार होती दोन हेक्टरपर्यंतच्यांना. यांची कोरडवाहू जमीन त्याच्या वर. आणि सावकाराचं देणं तर तिच्यात येतच नव्हतं. तिची आई निंदणाला जात होती.

त्या रात्री मला कळलं की माझं दुःख मोठ्यानं सांगता येतं. मला कोणी थांबवत नाही. तिला बाप गेल्याचं दुःख होतंच, वर तो कसा गेला हे लपवायचं कामही होतं. वऱ्हाडातल्या कॉलेजांत त्या काळात प्रत्येक वर्गात अशी एकदोन पोरं होती. परीक्षा द्यायची, स्कॉलरशिपच्या फॉर्मला मृत्यूचा दाखला जोडायचा, बाबू विचारील त्याचं उत्तर द्यायचं, आणि मैत्रिणींत काही वेगळं सांगायचं. त्यांच्यासाठी कोणी व्हरांड्यात जमलं नाही.

ती सांत्वन वगैरे करत नसे. ‘जेवली काय वं?’ एवढं रोज विचारायची आणि नाही म्हटलं तर ताट पुढे सरकवायची. माझी वनस्पतिशास्त्राची रेकॉर्ड वही अर्धी कोरी होती, परीक्षा तोंडावर. मी पेन्सिल धरून बसायची आणि हात चालायचा नाही. तिनं वही ओढून घेतली आणि कपाशीच्या खोडाचा आडवा छेद काढायला बसली. बाहेरची साल, मग गोलाकार मांडलेल्या नलिका, मधला भेंड. टोकदार पेन्सिलीनं एकेक ठिपका देत सावली भरायची तिला सवय होती. कपाशी तिच्या घरची होती, आतबाहेरून माहीत असलेली. मी शेजारी बसून नावांच्या बाणांसाठी पट्टी धरली. मॅडमनी वही उघडली तेव्हा दोन वेगळे हात त्यांना दिसलेच असणार. त्यांनी पान उलटलं आणि खाली सही केली.

उन्हाळी परीक्षा दिली. पास झाले. फार काही मिळवलं नाही, पण वर्ष गेलं नाही, आणि त्या वर्षी तेवढंच पुष्कळ होतं. हॉल तिकिटावर माझ्या नावाच्या मध्यभागी बाबांचं नाव होतं. पर्यवेक्षक रोज येऊन त्यावर बोट ठेवून सही करायचे.

मे महिन्यात अक्षय तृतीया आली. आमच्याकडे हा पितरांचा दिवस. आईनं बाजारातून नवी घागर आणली. मी ती धुतली, पाण्यानं भरली, आत वाळा टाकला. पळसाच्या पत्रावळीवर चिंचवणी, कुरडई, आंब्याचा रस. अकोल्याचं मे महिन्यातलं ऊन ज्यानं सोसलंय त्यालाच या सणात पाण्याला एवढा मान का आहे ते उमगतं. बाबा दिवसभर त्याच उन्हात काट्यापाशी असायचे, घरी आल्यावर उभ्यानंच तांब्या रिकामा करायचे. त्या दिवशी घागरीवर झाकण ठेवताना मी पहिल्यांदा खरी रडले. तोवरचं रडणं लोकांच्या देखत झालं होतं, त्यात थोडं त्यांचंही होतं.

आणि त्यानंतरही ते संपलं नाही. दुसऱ्या वर्षी तुरीचा हंगाम आला तेव्हा मी पुन्हा आजारी पडल्यासारखी झाले. बाजारावरून रिक्षानं जाताना नाकात धूळ गेली आणि मला उतरावं लागलं. तिसऱ्या वर्षी त्याच रस्त्यानं चालत गेले, हमालांना ओळख दिली, त्यांनी चहा पाजला आणि बाबांच्या गोष्टी सांगितल्या. बाबा कोणाच्याही मालात काटा मारू देत नसत, त्यावरून एकदा भांडण झालं होतं, हे मला तेव्हा कळलं. पहिल्या वर्षी मला ते ऐकवलं नसतं. बाप गेल्यावर बाप समजायलाच एवढा वेळ लागतो. मला तो मिळाला, कारण आईनं तो मागून घेतला होता. ती शिलाई मशीनवर बसली, मी ट्यूशन घेतल्या, एम.एस्सी. झालं. २०११ साली मोठे काका पुन्हा स्थळ घेऊन आले तेव्हा आई म्हणाली, ‘आता पोरीलेच विचारा.’ त्यांनी विचारलं. खरोखर खुर्ची ओढून समोर बसून विचारलं.

आता मी अकोल्यात शिकवते. पातूर, बाळापूर, बार्शीटाकळीहून एसटीनं येणाऱ्या मुली असतात. दर वर्षी एखादी पंधरा दिवस दिसत नाही, मग परत येते, मागच्या बाकावर बसते. मी तिला सगळ्यांसमोर काही विचारत नाही. नोट्स कोणाकडून मिळतील ते सांगते, फॉर्मची तारीख सांगते, जेवणाचं विचारते. गेल्या हिवाळ्यात अशा एकीच्या घरी भेटायला गेले होते. वडील गेलेले, मुलगी बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला. चहा आला, आणि चहाबरोबर ते वाक्यही आलं. वर्षाच्या आत. मी कप खाली ठेवला आणि माझ्या आईचं वाक्य जसंच्या तसं, तिच्याच बोलीत, त्यांना सांगितलं. बायका एकमेकींकडे बघू लागल्या. कोपऱ्यात मुलीची आजी बसली होती. तिनं मला नीट पाहून घेतलं, नातीकडे पाहिलं, आणि विचारलं, ‘एमेस्सीले किती वर्सं लागते?’