पुन्हा पाण्यात

श्रावणी पौर्णिमा जवळ आली, की हर्णैच्या किनाऱ्यावर लगबग सुरू होते. १ जून ते ३१ जुलै या काळात यांत्रिक नौकांना मासेमारीस बंदी असते; तो माशांच्या विणीचा काळ, आणि समुद्रही खवळलेला. मोठ्या नौका आंजर्ल्याच्या खाडीत आसरा घेतात. लहान नौका किनाऱ्यावर ओढून झावळ्यांनी शाकारून ठेवतात.

माझ्या लहानपणी त्या पुन्हा पाण्यात लोटण्यासाठी सारी आळी जमे. नौकेखाली ओंडके घालीत, एका हाकेसरशी सारे जोर करीत, आणि आम्ही मुले मागे सुटलेला ओंडका धावत पुढे नेऊन टाकीत असू. नौका फुटली तर भरपाई कोणी करावयाची, हा प्रश्न तेव्हा कोणाच्या मनात येत नसे. (एखाद्याचे बोट चेंगरले, तर हळद लावीत, एवढेच!) आता तरुण हात नोकरीसाठी शहरात गेले, आणि पुष्कळ ठिकाणी क्रेन आली.

२०२२ साली पौर्णिमेच्या दोन दिवस आधी माझा एक जुना विद्यार्थी विम्याचा कागद घेऊन आला. “गुरुजी, क्रेन ठरली आहे. एवढे वाचून सांगा.” शाळेत असताना धडा न वाचताच उत्तरे लिहिण्याची त्याला खोड होती, कर्ज काढून घेतलेल्या नौकेने ती मोडलेली दिसली. मलाही ती वाक्ये तीनदा वाचावी लागली. नौका जमिनीवर असताना विमा होता, पाण्यात असतानाही होता. परंतु ती उचलताना होणाऱ्या नुकसानीसाठी कंपनीची लेखी संमती आधी घ्यावयाची होती. क्रेनवाल्याचा विमा पाहिला, तो क्रेनचा. तिने उचललेल्या ओझ्याचा नव्हे. म्हणजे बंधारा ते पाणी या दहा-पंधरा हातांत नौकेला कोणीच वाली नव्हता!

“थांब,” मी म्हणालो. “पौर्णिमेनंतरही एक-दोन दिवस उधाण असतेच.”

त्याच्या आईला ते मुळीच रुचले नाही. ११ ऑगस्टला शेजाऱ्यांच्या नौका पताका लावून निघाल्या; तिने काठावरूनच समुद्राला नारळ अर्पण केला आणि माझ्याशी एक शब्द न बोलता घरी गेली. मुलाने मात्र कचेरीत दोन खेपा घातल्या, जादा पैसे भरले व संमती आणली.

१३ तारखेला दुपारच्या भरतीला पाणी बंधाऱ्याला लागले. क्रेनच्या पायांखाली जाड फळ्या घातल्या, नौकेच्या पोटाखालून दोन रुंद पट्टे घेतले. नौका उचलली गेली, आणि तोच पुढचा पट्टा सरकला. नाळ खाली झुकली. किनाऱ्यावर कोणी श्वास घेईना. क्रेनवाल्याने हात आवरला, नौका हळूहळू परत खाली टेकविली, पट्टा नीट बसविला आणि पुन्हा उचलली. माझा विद्यार्थी नौकेकडे पाहतच नव्हता. खिशातल्या कागदावर हात घट्ट दाबून तो डोळे मिटून उभा होता.

नौका पाण्याला टेकली, डोलली, सावरली. त्याच्या आईने दुसरा नारळ फोडला आणि पहिला तुकडा माझ्या हातावर ठेवला.