चिकोडीपासून मेरी वेदरपर्यंत

चिकोडी हे आमचे गाव तालुक्याचे आहे, कोर्टकचेरीचे आहे, ऊस आणि तंबाखूच्या व्यवहाराचे आहे; टेनिसचे मात्र ते कधीच नव्हते. १ नोव्हेंबर १९५६ रोजी मुंबई राज्यातून आम्ही म्हैसूर राज्यात आलो. तेव्हापासून भाषेचा, शाळांचा आणि पाट्यांचा प्रश्न येथे अखंड चर्चिला जात आहे, पण मैदानावर दोन्ही भाषांची मुले एकाच मातीत लोळत आली. कुस्ती, कबड्डी, खोखो आणि पुढे क्रिकेट हे त्यांचे खेळ. बडोदे, इंदूर, हैदराबाद किंवा बंगळूर येथील ज्या मराठी घरांत हे मासिक वाचले जाते, तेथील मुलांना क्लबातले टेनिस जाता-येता दिसत असेल. आमच्या मुलांनी ते केवळ चित्रात पाहिले होते.

अशा गावात २०२२ च्या जुलैत एक बातमी येऊन पोहोचली. कोल्हापूरची ऐश्वर्या जाधव ही मुलगी विम्बल्डनला चौदा वर्षांखालील मुलींच्या स्पर्धेत खेळणार होती. विम्बल्डनने ही स्पर्धा त्याच वर्षी प्रथम सुरू केली. सोळा मुलगे आणि सोळा मुली, तेही जगभरातून वेचलेले. पहिल्या सामन्यात तिला रुमानियाच्या मुलीकडून हार पत्करावी लागली. सामने गटवार साखळी पद्धतीचे असल्याने एका पराभवाने परतीची वाट धरावी लागत नाही, ही त्यातली चांगली सोय. हरल्याचे वाचून आमच्या वर्गातील मुलींना वाईट वाटले. आम्हांस वाटले नाही. ज्या हिरवळीवर ती उतरली तेथील गवत आठ मिलिमीटर उंचीवर कापलेले असते आणि त्यावर चेंडू घसरत, खालून येतो. आपल्याकडची बहुतेक मुले सिमेंटच्या किंवा मातीच्या कोर्टावर शिकतात, तेथे तो छातीपर्यंत उसळतो. इतक्या लहान वयात पायाखालची जमीनच बदलली, तर सवय मोडायलाही वेळ लागणारच.

विम्बल्डनच्या कनिष्ठ गटाशी आपल्या देशाचे नाते मात्र जुने आहे. रामनाथन कृष्णन यांनी १९५४ साली तेथे मुलांचे अजिंक्यपद मिळविले, त्यांचे पुत्र रमेश यांनी १९७९ मध्ये आणि लिअँडर पेस याने १९९० मध्ये. १९९२ साली आपला नितीन कीर्तने महेश भूपतीसह मुलांच्या दुहेरीत अंतिम फेरीपर्यंत गेला आणि तिसरा सेट सात विरुद्ध नऊ असा गमावून बसला. ही शेवटची नोंद आम्ही फळ्यावर लिहिली, तेव्हा सातवीच्या वर्गातील एका मुलीने विचारले, "गुरुजी, नऊपर्यंत का खेळायचं? सेट सहाला संपतो ना?" प्रश्न अगदी रास्त होता. त्या काळी विम्बल्डनला निर्णायक सेटमध्ये टायब्रेकर नसे; दोन गेमची आघाडी मिळेपर्यंत खेळत राहावे लागे. ते समजल्यावर ती म्हणाली, की हेच बरे आहे.

याच मुलीमुळे आम्ही कोल्हापूरला जावयाचे ठरविले. सुटीत पुण्याच्या मावशीकडे तिच्या हाती रॅकेट आली होती, आणि परत आल्यापासून शाळेच्या भिंतीवर तिचा चेंडू थांबत नव्हता. भिंतीचा रंग गेला, तो विषय वेगळा. एका रविवारी सहाध्यायी मुलगी आणि शाळेतील एक शिक्षिका यांना बरोबर घेऊन आम्ही सकाळच्या बसने निघालो.

चिकोडीहून निपाणी चोवीस-पंचवीस किलोमीटर. उतरणीच्या दोहों बाजूंना ऊस, मग हळूहळू तंबाखूची शेते. निपाणी म्हटले की आमच्या पिढीला १९८१ चे तंबाखू उत्पादकांचे आंदोलन आणि तो गोळीबार आठवल्याखेरीज राहत नाही; मुलींना त्याचे काही वाटण्याचे कारण नाही, त्या बसच्या खिडकीशी जागेवरून भांडत होत्या. पुढे महामार्ग लागतो. यमगर्णीपाशी वेदगंगा ओलांडली. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात हाच रस्ता येथे पाण्याखाली गेला होता. मग सौंदलगा, कोगनोळी, दूधगंगेचा पूल, आणि कागल आले की राज्य बदलते. कोरोनाच्या काळात याच कोगनोळीच्या नाक्यावर तपासणीचा अहवाल दाखविल्यावाचून कर्नाटकात शिरता येत नव्हते. एरवी ही सीमा बसमधल्या माणसाला फक्त दुकानांच्या पाट्यांवरून कळते.

येथे एक गोष्ट वाचकांच्या लक्षात आणून द्यावीशी वाटते. आमच्या राज्याचे टेनिसचे मुख्य केंद्र बंगळूरला, म्हणजे पाचशे किलोमीटरहून दूर; आणि कोल्हापूर मात्र दीड-दोन तासांवर. सुदैवाने अखिल भारतीय मानांकनाच्या स्पर्धा कोणत्याही राज्यातील मुलांना खुल्या असतात. आंतरराष्ट्रीय कनिष्ठ स्पर्धांचेही तसेच. तेरा ते अठरा वयाची मुले त्यांत उतरतात आणि जे३० या पहिल्या पायरीपासून जे५०० पर्यंत गुणांची शिडी चढत जातात. फक्त त्यासाठी आठवड्यामागून आठवडा गाव बदलावे लागते. कुस्तीगीर तालमीत राहून मोठा होतो. टेनिसपटूला मोठे होण्यासाठी घराबाहेर पडावेच लागते.

मेरी वेदर मैदान नागाळा पार्काच्या बाजूस आहे. त्या नावावरून मुलींनी तेथील हवा फार सुखकर असणार असा तर्क केला. प्रत्यक्षात ऊन चांगलेच तापले होते. कोर्टावर बारा ते चौदा वयाच्या मुलामुलींचे सामने चालले होते. जाळीबाहेर आई, वडील, आजोबा, पाण्याच्या बाटल्या, डबे. आणि आत फक्त दोन मुले. पंच एकच, तोही तीन-चार कोर्टांवर फिरता. चेंडू आत की बाहेर, हे आपल्या बाजूला खेळाडूने स्वतःच सांगायचे. सर्व्हिस करणाऱ्याने प्रत्येक गुणाआधी धावसंख्या मोठ्याने उच्चारायची. बाहेरून आईबापांनी एक शब्द बोलावयाचा नाही. तीस वर्षे परीक्षागृहात येरझारा घालणाऱ्या आमच्यासारख्या माणसाला हे दृश्य नवे होते. एका सामन्यात निर्णायक क्षणी प्रतिस्पर्ध्याचा चेंडू रेषेच्या कडेला पडला. आमच्या जागेवरून तो बाहेर वाटला. त्या मुलाने खाली वाकून ठसा पाहिला, क्षणभर थांबला आणि "आत" असा हात केला. जाळीबाहेर त्याच्या वडिलांनी तोंड दुसरीकडे वळविले. दोन कोर्टे सोडून याच्या नेमके उलटही घडले, आणि फिरत्या पंचाला धावत जावे लागले. दोन्ही आमच्या मुलींनी पाहिले ते बरेच झाले.

दुपारी परतताना हिशेब सुरू झाला. बूट झिजतात, तारा तुटतात, चेंडूंचा डबा थोडक्यात निकामी होतो, शिवाय प्रवास आणि मुक्काम. कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी १९५२ साली खाशाबा जाधवांना हेलसिंकीला पाठविण्यासाठी आपले घर सात हजारांना गहाण ठेवले, आणि खाशाबांनी कांस्यपदक आणले, ही कथा आपण सारे अभिमानाने सांगतो. आम्ही ती दरवर्षी सांगतो. परंतु खेळाडू तयार व्हायला प्राचार्यांचे घर गहाण पडावे लागावे, यात अभिमानापेक्षा लाज अधिक आहे असे आमचे मत आहे.

दुसऱ्या दिवशी मुलीचे वडील शाळेत आले. निपाणीला तंबाखूच्या वखारीत हिशेबनीस आहेत. टोपी हातात घेऊन म्हणाले, "गुरुजी, खरं सांगा. ह्यातनं पुढं काय हाय का? का नुसता खर्च?"

आम्ही जे माहीत होते तेच सांगितले. शेकडो मुले खेळतात, त्यांतून एखादीच विम्बल्डन पाहते. तेवढ्याच आशेवर पैसा घालणार असाल तर घालू नका. आठवड्यातून एक रविवार कोल्हापूर, बसचे भाडे आणि शिकवणीचे शुल्क, इतकेच वर्षभर करून पाहा. अभ्यास मागे पडला तर आम्हीच तुम्हांस बोलावून घेऊ.

ते बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "आणि यकटी पोरगी कशी जाईल? राज्याबाहेर?"

"कागल म्हणजे काय परदेश आहे का हो?" शिक्षिका बाई मध्येच म्हणाल्या. त्यांचे माहेर कागलचे.

वडील हसले. पहिले सहा रविवार ते स्वतः बरोबर जाणार आहेत, पुढचे मग ठरेल. सकाळी साडेसहाच्या गाडीला जागा मिळते, असे आम्ही त्यांस कळविले आहे.